कोणता भेद धरावा, कोणता सोडावा

वाटी म्हणजे काय, हे सर्वसाधारण मराठी मुलाला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. जेवणाच्या ताटातली स्टीलची वाटी, देवघरातली चांदीची, आजोळी पाहिलेली काठ चेपलेली पितळी, औषध चाटवण्यापुरती वापरलेली एवढीशी, आणि शेजाऱ्यांकडून खीर भरून आलेली काचेची, अशा परस्परांहून सर्वथा भिन्न वस्तूंना घरातली माणसे एकच नाव देतात. आणि दोन-अडीच वर्षांचे मूल कोणत्याही उपदेशावाचून धातू, रंग, आकारमान आणि मालकी हे सारे भेद बाजूला सारून, ज्या लक्षणामुळे वाटी ही वाटी ठरते व पेला ठरत नाही, नेमके तेच लक्षण उचलते. हा व्यवहार इतका सहजगत्या पार पडतो, की त्यात केवढी निवड सामावलेली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ते ध्यानात येते, एखाद्या स्वमग्न मुलाला शिकवायला बसल्यावर.

पुण्यातील एखाद्या विशेष शाळेत किंवा उपचारकेंद्रात सकाळच्या वेळी गेले, तर बुटक्या टेबलापाशी समोरासमोर बसलेली ताई आणि मूल दृष्टीस पडतात. टेबलावर वाटी, चमचा आणि पेला मांडलेले असतात. ताई म्हणते, "वाटी दे." मूल वाटी देते, ताई "शाब्बास!" म्हणते आणि नोंदवहीत बरोबरची खूण करते. कित्येक दिवस हा क्रम निर्वेधपणे चालतो. मग ताई रजेवर जाते, तिच्या जागी आलेली दुसरी ताई निराळी वाटी मांडते, आणि तेच मूल चमचा उचलून पुढे करते. पालकांना वाटते, मूल विसरले. बहुतेक वेळा ते विसरलेले नसते. ते निश्चितपणे काहीतरी शिकले होते. परंतु आपण जे शिकवीत होतो त्याहून ते निराळे होते. कदाचित वाटीच्या काठाखाली मशीनने घातलेले आजीचे नाव त्याने धरले होते, कदाचित टेबलाची डावी बाजू, कदाचित "वाटी" हा शब्द उच्चारताना नकळत वाटीकडे वळणारी ताईची नजर. दोन गोष्टींतील फरक ओळखून त्यानुसार वेगवेगळे वागायला शिकणे, याला मानसशास्त्रात भेदबोध म्हणतात. आणि स्वमग्न मुलाच्या शिक्षणाचा फार मोठा भाग, भाषेपासून रस्ता ओलांडण्यापर्यंत, याच पायावर उभा असतो.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये बाल्टिमोर येथून ११ मुलांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ज्यातून स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख जगाला झाली, त्यात डोनल्ड नावाच्या मुलाची एक हकीकत आहे. "हो" आणि "नाही" म्हणायला शिकवावे या हेतूने वडिलांनी त्याला विचारले, की तुला खांद्यावर घेऊ का; घ्यायला हवे असेल तर "हो" म्हण. डोनल्ड "हो" म्हणाला आणि खांद्यावर चढला. त्यानंतर दीर्घकाळ त्याच्या लेखी "हो" या शब्दाचा अर्थ एवढाच राहिला, की मला खांद्यावर घ्या. शब्द आणि प्रसंग यांची सांगड त्याने अचूक घातली होती. ज्या अनंत प्रसंगांतून "हो" फिरत असतो, त्यांतला एकच त्याच्या वाट्याला आला होता, आणि त्याने तो प्रामाणिकपणे सर्वच्या सर्व उचलला होता.

हे असे का घडते, याचा प्रयोगशाळेतला पहिला महत्त्वाचा शोध १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इव्हार लोवास, लॉरा श्राइबमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. प्रकाश, आवाज आणि पायावर पडणारा हलका दाब ही तिन्ही उद्दीपके एकाच वेळी उपस्थित झाली की कळ दाबायची, असे मुलांना शिकवण्यात आले, आणि नंतर ती तिन्ही सुटी सुटी करून पाहण्यात आली. सर्वसाधारण मुलांनी तिघांनाही प्रतिसाद दिला. स्वमग्न मुलांनी मात्र प्रामुख्याने एकालाच दिला, कोणी केवळ प्रकाशाला, कोणी केवळ आवाजाला. श्राइबमन आणि लोवास यांनीच १९७३ मध्ये मुलगा आणि मुलगी अशा बाहुल्या ओळखायला शिकवून नंतर त्यांच्या कपड्यांची अदलाबदल केली, तेव्हा एखादे मूल चेहरा, केस, पोशाख यांतले काहीही न पाहता केवळ बुटांवरून बाहुली ओळखत होते, असे उघडकीस आले. या वृत्तीला उद्दीपकाची अतिनिवड म्हणतात. पुढील संशोधनाने या सिद्धांताची धार थोडी बोथट केली, हेही सांगितले पाहिजे: ही वृत्ती सर्वच स्वमग्न मुलांत आढळत नाही, बौद्धिक विकास मंद असलेल्या इतर मुलांतही ती दिसते, आणि योग्य शिक्षणाने ती पुष्कळ कमी करता येते.

परंतु यावरून स्वमग्न मुलाला भेद दिसतच नाहीत असा जो समज होतो, तो मला अत्यंत अन्यायकारक वाटतो, आणि तो मुलाच्या शिक्षणाला घातकही आहे. वस्तुस्थिती कित्येकदा नेमकी उलट असते. मोठ्या चित्रात दडलेली लहान आकृती हुडकण्याच्या कसोटीत स्वमग्न मुले सरस ठरतात, असे अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये १९८३ साली दाखवून दिले. केंब्रिज येथे केट प्लेस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वमग्न प्रौढांपुढे एकमेकांशी अतिशय साम्य असलेल्या, पूर्वी कधी न पाहिलेल्या आकृत्या ठेवल्या, तेव्हा त्या वेगळ्या ओळखण्यात ते इतरांच्या पुढे गेले. जे आपल्याला एकसारखे वाटते ते त्यांना भिन्न दिसते. आपल्या घरातली वाटी आणि शाळेतली वाटी यांच्यात त्यांना जे अंतर जाणवते ते खरेच तेथे असते. आपणच ते पाहायचे सोडून दिलेले असते. सबब, भेद दाखवून देणे एवढेच शिक्षकाचे काम नव्हे. असंख्य खऱ्या भेदांपैकी या घटकेला कोणता धरायचा आणि कोणते सोडायचे, हे मुलाला स्वतःच कळून येईल अशी मांडणी करणे, हे त्याचे काम आहे.

या कामाची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे आणि महाराष्ट्राला ती सर्वस्वी परकीही नाही. फ्रान्समधील आव्हेरोनच्या रानात सापडलेला एक मुका मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला. झां इतार या तरुण वैद्याने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि कित्येक वर्षे त्याला शिकवण्याचा प्रयत्न केला. हा मुलगा स्वमग्न असावा, असे मत उटा फ्रिथ यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडे मांडले आहे. लिहिलेला शब्द पाहून ती वस्तू घेऊन येणे व्हिक्टर शिकला. पण इतारने एके दिवशी नेहमीच्या वस्तूंची खोली बंद ठेवली, तेव्हा डोळ्यांसमोर तशाच दुसऱ्या वस्तू असूनही त्याला एकही आणता येईना, कारण त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे ती एकच विशिष्ट वस्तू होती. दोनशे वर्षांपूर्वीचा हा मुलगा आणि टेबलापाशी चमचा पुढे करणारे आजचे मूल यांच्या अडचणीत यत्किंचितही फरक नाही. इतारची पद्धती त्याचा शिष्य सेगँ याने पुढे नेली. त्या दोघांच्या ग्रंथांवरून मारिया माँटेसरी यांनी रंगांच्या पट्ट्या, चढत्या क्रमाचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे अशी इंद्रियशिक्षणाची साधने घडवली. आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारा ताराबाई मोडक, व पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांच्यासह अनुताई वाघ, यांनी तीच दृष्टी आपल्या मातीतल्या साधनांनिशी मराठी बालवाडीत रुजवली. आपल्या बालवाडीतला रंगांच्या जोड्या लावण्याचा खेळ मुळात मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी निर्माण झाला होता, ही गोष्ट विशेष शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

पुण्यात सिंधूताई जोशी यांची कामायनी १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करीत आली, आणि पुढे प्रसन्न ऑटिझम सेंटरसारखी खास स्वमग्न मुलांसाठीची केंद्रेही येथे उभी राहिली. सरकारदरबारी मात्र या मुलांची दखल फार उशिरा घेतली गेली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमतांत तिला स्वतंत्र स्थान दिले. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. दाखला मिळाला, सवलत मिळाली, शाळेत नाव दाखल झाले, म्हणजे आता मूल शिकेल अशी पालकांची धारणा होते. परंतु टेबलापाशी बसल्यावर नेमके काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही दाखल्याने सुटत नाही.

आता त्या टेबलाकडे बारकाईने पाहू. पुष्कळ ठिकाणी प्रथम एकटी वाटी पुढे ठेवून "वाटी दे, वाटी दे" असे अनेकदा म्हणतात, नंतर एकट्या चमच्याचा सराव होतो, आणि मग दोन्ही एकत्र मांडतात. हा क्रम सोपा वाटतो, पण त्यात एक मोठा दोष आहे. समोर एकच वस्तू असताना ताईचा शब्द ऐकण्याचे कारणच उरत नाही. जे पुढे आहे ते दिले की शाबासकी मिळते. ऐकण्याची गरज नाही असा धडा मुलाने आठवडाभर गिरवलेला असतो, आणि मग आपण तक्रार करतो की ते ऐकत नाही. जीना ग्रीन यांनी २००१ मध्ये या पद्धतीवर साधार आक्षेप घेतला, आणि लॉरा ग्रो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन स्वमग्न मुलांबरोबर दोन्ही रीती तोलून पाहिल्या, तेव्हा पहिल्यापासून तीन वस्तू पुढे ठेवून, दर वेळी नाव बदलून आणि वस्तूंच्या जागाही बदलून शिकवण्याची रीत अधिक गुणकारी ठरली.

नोंदवहीतल्या आकड्यांविषयीही पालकांनी जागरूक असावे. पुढे दोनच वस्तू असतील, तर डोळे मिटून दिलेली उत्तरेही सरासरीने निम्मी बरोबर येतात. मूल दर वेळी उजव्याच बाजूची वस्तू उचलत असेल, तरीही निम्मी बरोबर येतात. पन्नास टक्के प्रगती असा शेरा अशा वेळी काहीच सांगत नाही. तीन वस्तू ठेवल्या की निव्वळ योगायोगाचा वाटा एक तृतीयांशावर येतो. यापेक्षाही सूक्ष्म अडचण नजरेची. बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो असा बोलबाला झाला असता, ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ मध्ये दाखवून दिले की घोडा गणित करीत नव्हता, विचारणाऱ्याच्या मानेची सूक्ष्म हालचाल वाचत होता. आर्नल्ड रिंकोव्हर आणि रॉबर्ट कोगल यांनी १९७५ मध्ये १० स्वमग्न मुलांना एकेक कृती शिकवली. त्यांतल्या चौघांना खोलीबाहेर दुसऱ्या माणसासमोर ती मुळीच करता आली नाही, आणि बारकाईने शोध घेता असे आढळले, की ही मुले सूचनेऐवजी शिक्षकाच्या हाताच्या अनवधानाने होणाऱ्या हालचालीसारखी एखादी आगंतुक गोष्ट धरून बसली होती. मुलाची निरीक्षणशक्ती येथे कमी पडली नव्हती. आपण काय दाखवीत आहोत याचे भान शिक्षकाला नव्हते.

मूल चुकत चुकत शिकते, या लोकमान्य समजुतीचा या क्षेत्रात फेरविचार करावा लागतो. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत १९१४ मध्ये एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवण्यात आला, आणि लंबवर्तुळ क्रमाक्रमाने वर्तुळाच्या जवळ आणीत नेण्यात आले. दोन अक्षांचे प्रमाण ९ ला ८ इतके झाले तेव्हा, आतापर्यंत शांत असलेला तो प्राणी केकाटू लागला, साधनांची चावून मोडतोड करू लागला, आणि पूर्वी येत असलेले सोपे भेदही त्याला येईनासे झाले. उत्तर कळत नाही, आणि न कळणे थांबतही नाही, अशा कोंडीत सापडलेल्या मुलाचा आक्रोश आपण हट्ट म्हणून नोंदवतो, तेव्हा या प्रयोगाची आठवण ठेवावी.

याच्या उलट वाट हर्बर्ट टेरेस याने १९६३ मध्ये कबुतरांबरोबर दाखवली. लाल आणि हिरवा प्रकाश यांतला भेद शिकवताना नकोसा हिरवा प्रकाश आरंभी इतका मंद आणि इतका क्षणिक ठेवायचा, की त्यावर चोच मारण्याची बुद्धीच होऊ नये. मग तो हळूहळू पूर्ण तेजाचा करायचा. जवळजवळ एकही चूक न होता भेद आत्मसात झाला. मरे सिडमन आणि लॉरेन्स स्टॉडर्ड यांनी १९६७ मध्ये पाव्हलॉव्हचाच विषय, वर्तुळ आणि लंबवर्तुळ, मतिमंद मुलांना या रीतीने शिकवला: प्रथम वर्तुळाची खिडकी उजळ आणि बाकीच्या काळोख्या, मग बाकीच्याही क्रमशः उजळ, आणि सरतेशेवटी त्यांच्यात पुसटपणे उमटत जाणारी लंबवर्तुळे. या क्रमाने शिकलेल्या १० पैकी ७ मुलांना भेद साधला. त्याविना शिकलेल्या ९ पैकी एकालाच. न साधलेल्या मुलांना काही विशिष्ट चुकांची सवय जडली आणि ती पुढेही सुटेना. चुकीच्या उत्तराचाही सराव होतो, हे या प्रयोगाचे मर्म मला आपल्या शाळांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्या लिपीत हे तत्त्व कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे. घ आणि ध ही अक्षरे घ्या. घ ची शिरोरेषा सलग. ध चे डावे टोक वळलेले आणि त्यावरची रेषा तुटलेली. एवढाच काय तो फरक. म आणि भ यांचीही जवळजवळ तीच स्थिती. "ध दाखव" असे सांगून ताईने ध कडे बोट दाखवले, किंवा ध खाली हिरवा ठिपका काढला, तर मूल तत्काळ बरोबर उत्तर देते, आणि ठिपका काढून घेताच सारे ज्ञान नाहीसे होते. कारण ते ठिपका वाचत होते, अक्षर नव्हे. श्राइबमन यांनी १९७५ मध्ये हेच सिद्ध केले, की साहाय्य अक्षराच्या बाहेर न ठेवता अक्षराच्या पोटात ठेवले तरच ते स्वमग्न मुलाच्या उपयोगी पडते. म्हणून ध चे ते वळणच प्रथम जाड, मोठे, ठळक काढावे, उरलेले अक्षर फिकट ठेवावे, आणि पानागणिक वळण बेताबेताने मूळ मापावर व उरलेले अक्षर मूळ काळेपणावर आणावे. कमान बांधताना खाली दिलेला लाकडी आधार दगड एकमेकांवर तोलले गेल्यावरच काढतात, एरवी नाही. साहाय्य काढण्याचा वेगही तसाच, पाठ्यक्रमाच्या तारखांवरून न ठरवता मुलाच्या उत्तरांवरून ठरवला पाहिजे.

हे सारे तंत्र ज्या वर्तनशास्त्रीय परंपरेतून आले, तिच्या इतिहासावर एक काळा डाग आहे आणि त्याबद्दल बोलणे टाळता कामा नये. लोवास यांनी १९६० च्या दशकात मुलांना थपडा मारल्या, विजेचे धक्केही दिले. त्यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अहवालातील १९ मुलांपैकी जवळपास निम्मी सर्वसाधारण झाली, या दाव्याच्या आधारे आजही आठवड्याला चाळीस तासांच्या उपचाराची शिफारस ऐकू येते. पण त्या प्रयोगात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, आणि ती फलश्रुती दरोबस्त मान्य करणे कठीण आहे. मोठेपणी बोलू-लिहू लागलेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी स्पष्ट सांगितले आहे, की बळेच नजरेला नजर द्यायला लावणे, हात हलवण्याची सवय दडपून टाकणे आणि तासन्‌तास टेबलाला खिळवून ठेवणे यांनी आपल्याला खोल जखमा केल्या. त्यांचे म्हणणे मी साक्षीदाराची साक्ष म्हणून मानतो. कार्ड ढकलून देणारे मूल "नको" म्हणत आहे, "समजले नाही" म्हणत आहे, की ट्यूबलाइटच्या आवाजाने हैराण झाले आहे, हा भेद ज्या शिक्षिकेला ओळखता येत नाही, तिने मुलाच्या भेदबोधाची परीक्षा घेण्याचा आग्रह धरू नये. पालकांनी केंद्राची निवड करताना शिक्षिका भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारावे, आणि प्रत्यक्ष तासाला बसू द्याल का, हेही विचारावे.

टेबलावरचे ज्ञान घरात आणि रस्त्यावर उतरले नाही तर त्याचा उपयोग काय? येथे आईबाप शिक्षकापेक्षा अधिक करू शकतात. तुळशीबागेतून चार तऱ्हेच्या वाट्या आणाव्या, आणि पहिल्या दिवसापासून त्या आलटून पालटून वापराव्या. कोथिंबीर आणि मेथी यांतला भेद कार्डावरच्या चित्रांतून शिकवण्याऐवजी मंडईत जुड्या हातात देऊन, पान चुरगाळून, वास घेऊन शिकवावा. सर्वनामे तर एकट्या ताईबरोबर शिकणे जवळजवळ अशक्यच. ताई मुलाच्या डब्याला "तुझा डबा" म्हणते आणि मूलही इमानाने त्याला "तुझा डबा" म्हणते, कारण "तुझा" आणि "माझा" हे डब्यावर अवलंबून नसतात, बोलणाऱ्यावर असतात. तिसरे माणूस मध्ये असले, आणि आई व दादा एकमेकांशी "माझा, तुझा" बोलताना मूल ऐकत असले, म्हणजे ही गाठ उकलू लागते. "मी आलो" आणि "मी आले" यांचेही असेच आहे: ज्या मुलाभोवती आई, आजी आणि शाळेतल्या ताई एवढ्याच बोलणाऱ्या असतात, त्या मुलग्याला बाबांचे आणि काकांचे बोलणे मुद्दाम पुष्कळ ऐकवले पाहिजे.

पैशाचे शिक्षण हा याच विषयातला निकडीचा भाग. रंगावरून नोटा ओळखायला शिकवणे वरकरणी सोयीचे दिसते. पण जुन्या छपाईची पन्नासची नोट जांभळी आहे आणि नव्या छपाईची शंभरची फिकट जांभळी, दोन्ही बाजारात चालतात, आणि रंग धरून शिकलेला मुलगा पन्नासच्या जागी शंभराची नोट देऊन मोकळा होतो. म्हणून दोन्ही छपायांच्या नोटा आरंभापासून मिसळून ठेवाव्या, म्हणजे रंगावर विसंबून चालत नाही हे व्यवहारातच मुलाला कळते. नोटेवरचा आकडा कागदाने झाकून आणि पुन्हा उघडून त्याचे लक्ष नेमके कशावर आहे याची खात्री करून घ्यावी. आणि मग महात्मा फुले मंडईतल्या एखाद्या ओळखीच्या गाळ्यावर, भाजीवाल्या मावशींना आधी सांगून ठेवून, गर्दी नसलेल्या वेळी मेथीच्या जुडीचे पैसे त्यालाच देऊ द्यावे.